कुणाच्या दारात जावे?

१

दिवाळी अंकात दुष्काळाविषयी लिहिणे औचित्याला सोडून आहे, याची मला जाणीव आहे. वाचकांच्या एका हातात अंक आहे आणि दुसऱ्या हातात चकली. अशा वेळी खडी फोडणाऱ्या बायांची गोष्ट काढणारा माणूस कुणाला आवडणार? परंतु संपादकांनी मागितले ते, ज्याने मला विचार करायला लावले अशा एखाद्या पुस्तकाविषयी. आणि तसे पुस्तक कोणते, असे मी स्वतःला विचारले तेव्हा अमर्त्य सेन यांच्या 'डेव्हलपमेंट ॲज फ्रीडम' या ग्रंथाखेरीज दुसरे नाव पुढे येईना. ग्रंथ १९९९ सालचा. विकास म्हणजे माणसाच्या स्वातंत्र्याचा विस्तार, हे त्याचे सूत्र. मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेला एक निवृत्त मास्तर आहे. पण या पुस्तकात एके ठिकाणी माझी आई आहे, आणि तेवढ्या नात्याने त्याविषयी बोलण्याचा थोडासा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

१९७२ साली मी नऊ वर्षांचा होतो. आमचे गाव बीड जिल्ह्यातले. आधीची दोन वर्षे रडतकढत गेली होती. त्या वर्षी पावसाने तोंडच दाखवले नाही. त्या दिवाळीत आमच्या दारात पणती लागली ती एकच, आणि तीही तेल होते तेवढाच वेळ. आई पहाटे पाझर तलावाच्या कामावर जाई. पुढे ते काम संपल्यावर सडकेवर खडी फोडायला बसू लागली. घरात शिजे ती मिलो. परदेशातून आलेली ही तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापता थापताच चिरे. कामावर सुकडी मिळे. ती आई स्वतः खात नसे. पदराच्या गाठीत बांधून आम्हा भावंडांसाठी आणी. त्या गाठीचा वास अजून माझ्या नाकात आहे.

एकदा दोन आठवडे मजुरी आली नाही. मस्टरवर अंगठे उठत होते, पण "वरून पैका आला नाही" असे मुकादम सांगे. तेव्हा एका सकाळी साठ-सत्तर बाया रिकामी घमेली डोक्यावर घेऊन तालुक्याच्या कचेरीवर चालत गेल्या. आईचे बोट धरून मीही गेलो. दुपारपर्यंत आम्ही कचेरीच्या आवारात उन्हात बसून होतो. शेवटी साहेब बाहेर आले, थोडे रागावले, मग त्यांनी कुणाला तरी आत बोलावून कागद काढायला लावले. आठ दिवसांत मजुरी वाटली गेली.

रात्री मी हे सारे मोठ्या फुशारकीने आजीला सांगितले. आजीचे आयुष्य निजामाच्या अमलात गेलेले. तिने तरुणपणी एक दुष्काळ पाहिला होता आणि त्यात तिची दोन भावंडे गेली होती. मी तिला विचारले, "मग तुमी का नाही गेले कचेरीवर?" आजी माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "तवा कुणाच्या दारात जावं, लेकरा?"

सेन यांचे पुस्तक वाचताना मला पानोपानी आजीचा हा प्रश्न ऐकू येत होता. पुस्तकाचे मोठेपण या प्रश्नात आहे. आणि माझ्या मते त्याचे उणेपणही याच प्रश्नापाशी उघडे पडते.

२

सेन यांचा जन्म १९३३ सालचा, शांतिनिकेतनातला. १९४३ साली बंगालात माणसे रस्त्याच्या कडेला मरून पडत होती तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. त्या वयात पाहिलेल्या गोष्टीचा पिच्छा त्यांनी पुढे जन्मभर सोडला नाही. १९८१ सालच्या 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' या पुस्तकात त्यांनी दाखवून दिले की, बंगालात त्या वर्षी धान्य काही इतके कमी नव्हते. मजूर, कोळी, कारागीर अशा माणसांच्या हातात ते मिळवण्याची ताकद उरली नव्हती. १९९८ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपण ज्या ग्रंथाविषयी बोलत आहोत तो मुळात व्याख्यानांतून तयार झालेला आहे. ही व्याख्याने १९९६ पासून वॉशिंग्टनला, जागतिक बँकेत झाली. हे स्थळ वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

ग्रंथाचे म्हणणे सोपे आहे, म्हणूनच ते पटायला जड जाते. दरडोई उत्पन्न वाढले, कारखाने उभे राहिले, म्हणजे विकास झाला असे सेन मानीत नाहीत. मुलगी शाळेत जाऊ शकते का, बाळंतीण जगते का, मजुराला मालक बदलता येतो का, गैरकारभाराविरुद्ध बोलता येते का, या सगळ्यांची गोळाबेरीज म्हणजे विकास. त्यातले बोलण्याचे आणि मत देण्याचे स्वातंत्र्य ही श्रीमंती आल्यावर घ्यावयाची चैनीची वस्तू आहे, हा समज त्यांनी खोडून काढला आहे. ते स्वातंत्र्य विकासाचे साध्य आहे, आणि साधनही आहे.

याच्या उलट बाजूला उभे आहेत सिंगापूरचे ली कुआन यू. ते १९५९ पासून १९९० पर्यंत पंतप्रधान होते, आणि त्या काळात एका बंदराच्या गावाचे त्यांनी संपन्न राष्ट्र केले. गरीब देशाला आधी शिस्त हवी, लोकशाहीचा गोंगाट मागाहून, असा त्यांचा विचार. आपल्याकडे हा विचार कुणाला नवा वाटू नये. 'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण आपण केव्हाचीच करून ठेवली आहे. सेन यांचे उत्तर मी याच म्हणीच्या भाषेत सांगतो: ज्या गावात विठोबापुढे गाऱ्हाणे घालायला बंदी आहे, त्या गावात पोटोबाची खबर कोण घेणार?

३

या उत्तराला आधार म्हणून सेन जे उदाहरण देतात ते दुष्काळाचे. येथे मराठी वाचकाने जरा थांबले पाहिजे. पाऊस न पडणे यालाही आपण दुष्काळ म्हणतो आणि अन्नान्न करून माणसे मरणे यालाही दुष्काळच म्हणतो. सेन बोलतात ते दुसऱ्याविषयी. पहिला निसर्गाचा असतो; दुसरा राज्यकर्त्यांचा. त्यांचे गाजलेले विधान असे की, जिथे नियमाने निवडणुका होतात, विरोधी पक्ष आहेत आणि वृत्तपत्रांना बऱ्यापैकी मोकळीक आहे, अशा स्वतंत्र देशात हा दुसरा दुष्काळ कधी पडलेला नाही.

चीनचे उदाहरण पाहा. १९५८ ते १९६१ या काळात, 'मोठ्या झेपे'च्या धामधुमीत, तिथे जे लोक उपासमारीने मेले त्यांचा आकडा निरनिराळे अभ्यासक दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत धरतात. सेन तीन कोटींच्या आसपास धरतात. तेव्हा तिथे पुढाऱ्यांना खूश करण्यासाठी प्रत्येक गाव पिकाचा आकडा फुगवून वर पाठवीत होते. सेन लिहितात की, प्रत्यक्षात होते त्याहून दहा कोटी टन धान्य आपल्यापाशी अधिक आहे अशी सरकारची समजूत होती. ती खोटी आहे असे छापणारे एकही वर्तमानपत्र नव्हते. हुकूमशहा क्रूर असतो हे आपण जाणतो. तो आंधळाही होतो, कारण त्याला खरे सांगणारे कुणी उरत नाही. बंगालातही हेच झाले होते. कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'चे संपादक इयान स्टीफन्स यांनी १९४३ च्या ऑगस्टमध्ये भुकेने मरणाऱ्यांची छायाचित्रे छापली, तेव्हा कुठे लंडनला आणि दिल्लीला जाग आली. तोवर लाखो माणसे गेली होती.

आता आपल्या घरचा इतिहास पाहू. तो सेन यांनी सविस्तर दिलेला नाही, पण त्यांचे विधान त्यावर घासून पाहण्याजोगे आहे. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनमध्ये आणि दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. त्या वेळी जग काही दूर नव्हते. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला होता, १८७० साली मुंबईला समुद्राखालची तार येऊन पोचली होती, आगगाडी होती. याच साधनांनी त्या वर्षांतही हिंदुस्थानातून गहू विलायतेला जात राहिला. सर रिचर्ड टेंपल यांनी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्यावर राबवण्याचा प्रयोग केला. आमच्या मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी त्याविरुद्ध कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे अर्जामागून अर्ज पाठवले. म्हणजे विचारणारे होते. पण ज्यांना विचारायचे ते या माणसांच्या मतावर निवडून आलेले नव्हते. त्या दुष्काळात ब्रिटिश हिंदुस्थानात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली.

आणि मग १९७२-७३. त्या वर्षी महाराष्ट्रात धान्याचे पीक नेहमीच्या निम्म्याच्या आसपास आले. पण माणसे किड्यामुंगीसारखी मेली नाहीत. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. सेन यांच्या पुस्तकात हा आकडा एका वाक्यात येतो. माझी आई आहे ती इथे. त्या पन्नास लाखांतली ती एक.

त्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. आनंद झाला आणि थोडा विषादही वाटला. आकड्यात आई होती. पण घमेले डोक्यावर घेऊन ती चालत गेली, ते चालणे त्यात नव्हते. लोकशाही होती म्हणून माणसे वाचली, हे वाक्य मला अपुरे वाटते. लोकशाही होती, आणि तिच्या दारापर्यंत कुणीतरी उन्हातून चालत गेले, म्हणून माणसे वाचली. आमच्या तालुक्यासारखे मोर्चे त्या वर्षी कितीतरी ठिकाणी निघाले. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्याबाई रांगणेकर यांच्या मागे गृहिणी लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. विधिमंडळात प्रश्नांचा भडिमार झाला. यातूनच पुढे एक चिरस्थायी गोष्ट निघाली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात जो लहानसा प्रयोग करून पाहिला होता, त्याची रोजगार हमी योजना झाली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. १९७५ साली शहरातल्या नोकरदारांवर आणि धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसवण्यात आला, तो या योजनेसाठी. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेले चार रुपये बीडच्या बाईच्या मजुरीत पोचू लागले. २००५ साली साऱ्या देशाने रोजगार हमीचा कायदा केला त्याचे मूळ येथे आहे.

लोकशाही कशासाठी वापरायची ते वापरणाऱ्यांनीच ठरवायचे असते, असे सेनही बजावतात. तरी त्यांच्या लेखणीला संस्था जितक्या स्पष्ट दिसतात तितकी माणसे दिसत नाहीत, हा माझा पहिला, आणि लहानसा, आक्षेप.

४

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे, आणि तो खुद्द सेन यांनाच ठाऊक आहे. लोकशाही मोठ्याने ओरडणाऱ्या भुकेला ओ देते. मुकाट भुकेला देत नाही. ज्याँ द्रेझ यांच्यासह १९८९ साली लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी एक भयंकर हिशेब मांडला होता: चीनमध्ये ज्या दराने माणसे मरतात त्याहून भारतात जी अधिक मरतात त्यांची बेरीज केली, तर दर आठ वर्षांनी ती चीनच्या त्या काळ्या वर्षांतल्या मृत्यूंहून जास्त भरते. म्हणजे आम्ही दुष्काळ टाळला, पण कुपोषणाने, हगवणीने, बाळंतरोगाने तितकीच माणसे हळूहळू मरू दिली. ती एका जागी, एका महिन्यात मेली नाहीत, म्हणून बातमी झाली नाही.

असे का व्हावे? एका मराठीच्या मास्तराला याचे एक कारण शब्दांत दिसते. १९६३ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एक चमत्कारिक कायदा केला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्दच त्याने काढून टाकला आणि त्या जागी टंचाईचा शब्द बसवला. सरकार परिस्थितीवर सतत लक्ष ठेवून असते, तेव्हा तशा दुष्काळाला आता वावच नाही, असा त्यामागचा युक्तिवाद. हेतू कदाचित वाईट नसेल. नव्या राज्याचा आत्मविश्वास असेल. पण त्यानंतर कितीतरी वर्षे आमच्याकडे सरकारी कागदात दुष्काळ सहसा पडत नसे. 'टंचाईसदृश परिस्थिती निर्माण' होई. ज्या गोष्टीला नाव नाही तिच्याविषयी जाब कसा विचारायचा? विहीर आटली, गुरे विकली, मुलगी शाळेतून काढली, तरी घरावर आलेल्या गोष्टीचे नाव 'सदृश'!

याच्या उलट उदाहरणही आपल्याच राज्यातले आहे. खेड्यांतली आणि आदिवासी पाड्यांवरची तान्ही मुले मरतात ही गोष्ट नवी नव्हती. मेळघाटचे नाव वर्षानुवर्षे छापून येत होते. २००१ साली डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालमृत्यूंची पाहणी करून अहवाल काढला. त्यांनी त्याला नाव दिले 'कोवळी पानगळ'. आकड्यांनी जे झाले नव्हते ते या दोन शब्दांनी केले. विधानसभेत, वृत्तपत्रांत, न्यायालयात तो विषय मग टाळता येईना. सरकारला समिती नेमावी लागली. मृत्यू त्याने थांबले असे मी म्हणत नाही. पण मुकी भूक बोलायला लागली, आणि तिला बोलती करण्यात भाषेचा वाटा होता. सेन यांच्या ग्रंथात वृत्तपत्रांचे महत्त्व पुष्कळ सांगितले आहे. पण वृत्तपत्रांनी कोणत्या शब्दांत लिहावे, ते शब्द कोण घडवतो आणि कोण पुसतो, याचा विचार त्यात नाही. साहित्याच्या मासिकात ही उणीव दाखवली नाही तर ती कुठे दाखवायची?

५

आता ली कुआन यू यांच्या बाजूचे जे खरे आहे ते मान्य करणे न्यायाचे होईल. आपल्या आवडत्या लेखकाची वकिली करणे म्हणजे टीका नव्हे. सिंगापूर श्रीमंत झाले. दक्षिण कोरियाने जनरल पार्क चुंग-ही यांच्या हुकुमी राजवटीत, १९६१ ते १९७९ या काळात, जी औद्योगिक घोडदौड केली तिला तोड नाही. चीनने मधल्या त्या काळ्या वर्षांचे पाप करूनही १९८० च्या सुमारास सरासरी आयुर्मान साठीच्या पुढे नेले होते, तेव्हा आपण पन्नाशीतच होतो. हे सारे सेन नाकारीत नाहीत. ते एवढेच म्हणतात की, ही भरभराट शाळा, दवाखाने, जमीनसुधारणा आणि जगाशी व्यापार यांतून आली. तिच्यासाठी माणसांची तोंडे बांधणे जरूर होते असे सिद्ध होत नाही. आफ्रिकेतले बोट्स्वाना १९६६ साली स्वतंत्र झाल्यापासून निवडणुका घेत आले आणि वेगाने वाढलेही. उलट तोंडे बांधून कंगाल राहिलेल्या राजवटींची यादी सिंगापूरहून कितीतरी लांब आहे.

शिवाय कोरियाची गोष्ट पुरती सांगायची तर ती १९७९ ला थांबवता येत नाही. १९८७ साली तिथले विद्यार्थी, कामगार आणि साधे कचेरीतले लोक रस्त्यावर आले आणि त्यांनी राष्ट्राध्यक्ष थेट निवडण्याचा हक्क मिळवला. ज्यांचे पोट भरले होते त्यांनीही विठोबा मागितलाच. आणि लोकशाही आल्यावर देश भिकेला लागला असेही झाले नाही. इंडोनेशियात सुहार्तो यांच्या राजवटीत वर्षानुवर्षे उत्पन्न वाढत होते. १९९७ चे आर्थिक अरिष्ट आले तेव्हा गरिबांच्या डोक्यावरचे छप्पर उडाले आणि त्यांना न्यायला दार नव्हते. १९९८ च्या मे महिन्यात ती राजवट कोसळली. चांगल्या दिवसांत लोकशाहीची उणीव भासत नाही. ती वाईट दिवसांत भासते, हे सेन यांचे प्रतिपादन मला पटते. घराला दार असते ते पाहुण्यांसाठी. पण त्याची खरी किंमत घराला आग लागल्यावर कळते.

६

तर मग सेन कुठे कमी पडतात? येथे आपल्याला ते व्याख्यानांचे स्थळ आठवायचे आहे.

जागतिक बँकेत मते माणशी नसतात, देशागणिकही नसतात. ती मुख्यतः भागभांडवलाच्या प्रमाणात असतात. नाणेनिधीत मोठ्या निर्णयांना शेकडा ८५ मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १६ हून अधिक आहेत, म्हणजे ती एकटी कोणताही मोठा निर्णय अडवू शकते. आपल्या ग्रामपंचायतीत ज्याची जमीन अधिक त्याची मते अधिक, असा नियम कुणी केला तर आपण त्याला काय म्हणू? लोकांच्या सहभागावाचून विकास नाही, असे सेन यांनी ज्या दिवाणखान्यात बसून सांगितले, तो दिवाणखाना याच नियमाने चालतो. ग्रंथात अनेक देशांच्या सरकारांना प्रश्न विचारले आहेत. यजमानांना मात्र तो प्रश्न तितक्या स्पष्टपणे विचारलेला मला आढळला नाही.

सेन बाजाराचे शत्रू नाहीत, आणि ते बरोबर आहे. आपला माल आपल्या मर्जीने विकता येणे हेही स्वातंत्र्यच. आमच्या भागातल्या कापूसवाल्यांना हे शिकवावे लागत नाही. १९७२ पासून तीस वर्षे महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी होती. त्या काळात गाड्यांच्या रांगा आणि चुकाऱ्याची वाट ज्यांनी पाहिली, त्यांतले पुष्कळजण शरद जोशी यांच्या मागे खुला बाजार मागायला उभे राहिले होते. बंद दार त्यांनी पाहिले होते, उघडे त्यांना हवे होते. पण दार उघडल्यावर दिसले ते असे की, भाव ठरवणारा माणूस घरातच नाही.

कापसाचा भाव दूर ठरतो ही गोष्ट जुनी आहे. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६१ ला सुरू झाले तेव्हा मुंबईत सोन्याचा पाऊस पडला, आणि १८६५ ला ते संपताच पेढ्या बुडाल्या. फरक एवढाच की तेव्हा वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्याला मत नव्हते. आज मत आहे. पण त्या मताचा हात पोचतो कुठवर? अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना अनुदान देते आणि त्याने जगाचे भाव पडतात, अशी तक्रार ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेकडे २००२ साली नेली. निकाल त्याच्या बाजूने लागला; प्रकरण मिटले ते २०१४ साली, अमेरिकेने ब्राझीलला तीस कोटी डॉलर देऊन. बारा वर्षे! आणि हे ब्राझीलसारख्या बलाढ्य देशाचे. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब देशांनी २००३ साली हीच कैफियत मांडली. त्यांना सहानुभूती पुष्कळ मिळाली.

२०२५ च्या ऑगस्टमधली गोष्ट तर सर्वांना आठवत असेल. अमेरिकेने भारतीय मालावर एकूण पन्नास टक्के कर लावला. कापड गिरण्यांचे कंबरडे मोडू नये म्हणून दिल्लीने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून उठवले; आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. गिरणीत काम करणाऱ्यांच्या पोटाचाही प्रश्न होता, हे मी विसरत नाही. पण वॉशिंग्टनने एक ठरवले, त्यावर दिल्लीने दुसरे ठरवले, आणि ज्याचे बोंड अजून फुटायचे होते त्याला कुणी विचारले नाही. यात लोकशाही कुठेच मोडली नव्हती. अमेरिकेत निवडून आलेले सरकार होते, दिल्लीतही होते. दोघेही आपापल्या मतदारांना उत्तर देत होते. पण एका देशाच्या मतदाराने दिलेल्या मताचा भार दुसऱ्या देशाच्या शेतावर पडतो, तेव्हा त्या शेतकऱ्याने कुणाकडे दाद मागावी, याचे उत्तर या मोठ्या ग्रंथात नाही. माझ्या मते हेच त्याचे न लिहिले गेलेले प्रकरण. लोकशाही आणि विकास यांचे नाते सेन यांनी एका देशाच्या भिंतीआड इतके चोख दाखवले की, भिंतीच हलू लागल्यावर त्या नात्याचे काय होते, हा प्रश्न वाचकाकडेच राहिला.

७

त्याच वर्षी गणपतीत मी गावी गेलो होतो. पुतण्या शेती करतो, कापूसच जास्त. आरती झाल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला आणि त्याने मोबाइलवर मला न्यूयॉर्कचा वायद्याचा भाव दाखवला. दररोज सकाळी तो हा भाव पाहतो. "काका, तुम्ही एवढी पुस्तकं वाचता," तो म्हणाला, "मग सांगा, याच्यावर कुणाला बोलायचं?"

आजीचाच प्रश्न होता तो. मी त्याला सेन यांच्या पुस्तकातले जमेल तेवढे सांगितले. त्याने नीट ऐकून घेतले. मग म्हणाला की, आम्ही पंचवीस जण मागच्या सोमवारी तालुक्याला जाऊन आलो. साहेब भले होते, त्यांनी खुर्च्या दिल्या, चहाही दिला. पण आयात शुल्क ही दिल्लीची बाब आहे, असे सांगितले. खासदारांनाही अर्ज पाठवला आहे. मी विचारले, "मग काय झालं?" त्याने खिशातून एक घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. अर्जाची पोच होती ती. तारीख, शिक्का, सही, सगळे व्यवस्थित.

पुढे सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि उभ्या कापसात पाणी साचले. त्याचा अर्ज वेगळा, त्याची पोच वेगळी.

आमच्या घरात तीन पिढ्यांचा हा इतिहास आहे. आजीला जायला दारच नव्हते. आई दारात गेली आणि आठ दिवसांत मजुरी घेऊन आली. पुतण्याला दार आहे, खुर्ची आहे, चहा आहे, आणि हातात पोच आहे. सेन यांचा ग्रंथ मी आजवर पुष्कळांना वाचायला दिला आणि यापुढेही देईन, कारण आजीपासून आईपर्यंतचे अंतर केवढे मोठे आहे आणि ते कशाने कापले गेले, हे त्याच्याइतके चांगले कुणी सांगितलेले मला ठाऊक नाही. आईपासून पुतण्यापर्यंतचे मात्र कुणीतरी लिहायचे राहिले आहे.

पोच त्याने परत घेतली, तिच्या घड्या पुन्हा होत्या तशा घातल्या आणि ती देवघरातल्या सातबाराच्या पिशवीत ठेवून दिली. अर्जाला उत्तर अजून आलेले नाही.